शनिवारी भरून काढू म्हणताना: अभ्यास, घोडा आणि सुट्टी सांभाळताना या चुका टाळा

मैना, मी चालवते ती घोडी, ट्रॉटच्या (दुडक्या चालीच्या) तिसऱ्या-चौथ्या फेरीतच अडखळायला लागली. पाऊल आखूड पडत होतं आणि मानेवर घाम फुटला होता. डिसेंबरची सकाळ, अंगावर स्वेटर, आणि अजून आम्ही एकही उडी घेतली नव्हती. मला वाटलं, अंग चोरतेय. मी टाच लावली, तशी ती जागच्या जागी थांबली. घोड्यांची देखभाल करणारे मोतद्दार काका कुंपणापलीकडून ओरडले, "ताई, आधी खाली उतरा. एक पाऊलसुद्धा चालवू नका हिला." उतरून पुठ्ठ्यावर, म्हणजे तिच्या मागच्या भागावर, हात ठेवला, तर स्नायू दगडासारखे घट्ट झालेले. डॉक्टर येईपर्यंत ती तिथेच उभी होती. मग तिने लघवी केली, ती कोऱ्या चहाच्या रंगाची.

त्या आठवड्यात माझी एम.एस्सी.ची प्रॅक्टिकल परीक्षा होती. सोमवारपासून पाच दिवस मी पागेकडे फिरकले नव्हते. मैनाला फिरवायची जबाबदारी माझी होती, त्यामुळे पाच दिवस ती उभीच होती. चंदी, म्हणजे तिचा दाणा, मात्र रोजच्या मापाने, पूर्ण. शनिवारी सकाळी परीक्षा संपल्याच्या आनंदात मी गेले आणि पाच दिवसांचं काम एका तासात उरकायला निघाले.

पुण्यात राहून पदव्युत्तर शिक्षण, घोडेस्वारीच्या स्पर्धा आणि शनिवार-रविवारची भटकंती असं तिन्ही करणारी आमच्यासारखी बरीच मुलं-मुली आहेत. आमच्या बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच वाक्य असतं: "शनिवारी भरून काढू." अभ्यासाच्या बाबतीत ते थोडंफार खपून जातं. घोड्याच्या बाबतीत नाही.

घोड्याचा आठवडा एका दिवसात कोंबणं

मैनाला झालं त्याला घोडेवाले 'टाय-अप' म्हणतात. त्याचं जुनं नाव 'मंडे मॉर्निंग डिसीज'. गाडीला जुंपायचे घोडे रविवारी उभे राहायचे, दाणा मात्र पूर्ण खायचे, आणि सोमवारी कामाला जुंपले की असे आखडून जायचे. उभ्या घोड्याला पोटभर दाणा आणि त्यावर एकदम जोराचं काम, हा मेळ स्नायूंना झेपत नाही. स्नायूंचे तंतू तुटतात, त्यांतलं रंगद्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडातून बाहेर पडताना लघवी गडद करतं. मूत्रपिंडावर ताण येतो तो इथेच. टाय-अपची कारणं आणखीही असतात आणि काही घोड्यांत तसा जन्मजात कल असतो. पण अनियमित काम आणि त्याच मापाची चंदी, एवढं तरी पूर्णपणे आपल्या हातात आहे.

म्हणून, जाणं जमणार नाही हे ज्या क्षणी कळेल त्या क्षणी पागेत फोन करा. "उद्या काम नाही, आज रात्रीपासून चंदी निम्मी करा, वैरण वाढवा," एवढंच सांगायचं. घोड्याचं पोट वैरणीवर चालतं. सुकं गवत किंवा लसूणघास सावकाश चघळत राहणं त्याला मानवतं. दुसरं, कुणाकडून तरी त्याला हातात धरून अर्धा-पाऊण तास चालवून घ्या. खोगीर घालायचीही गरज नसते. तिसरं, तीन-चार दिवसांच्या खंडानंतर पहिल्या दिवशी उडी नाही. वीस मिनिटं नुसती चाल, मग थोडा ट्रॉट, आणि घरी. अशा वेळी मन फार खट्टू होतं, मला माहीत आहे. स्पर्धा दहा दिवसांवर असते आणि आपण नुसते चालत असतो. तरीही चालायचंच.

पाऊल आखडायला लागलं, कारण नसताना घाम आला, घोडा पुढे जायला कुरकुरला, तर आधी थांबा. 'चालवलं की मोकळा होईल' ही समजूत इथे घातक आहे, कारण प्रत्येक पावलागणिक स्नायू आणखी तुटतात. खोगीर उतरवा, पुठ्ठ्यावर झूल टाका, पाणी समोर ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. वेदनाशामक औषध आपल्या मनाने देऊ नका. अंगातलं पाणी कमी झालेल्या घोड्याच्या मूत्रपिंडावर ती औषधंही भार टाकतात.

याच घाईची एक धाकटी बहीण आहे. लेक्चर लांबतं, आपण उशिरा पोचतो, घोड्याने नुकतीच चंदी खाल्लेली असते आणि आपण खोगिराचा तंग (पोटाखालचा पट्टा) आवळून लगेच बसतो. चंदी आणि काम यांत निदान एक तास जाऊ द्या. तो नसेल तर त्या दिवशी खरारा करा, खूर साफ करा आणि परत या. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात बिघडलं तर ते पोटशूळावरच जातं.

दोन वेळापत्रकं वेगळी ठेवणं

आपल्याकडे स्पर्धांचा हंगाम हिवाळ्यात असतो. सत्र परीक्षा, प्रकल्पाचे अहवाल, सेमिनार यांचाही हंगाम तोच. हे दरवर्षी घडतं आणि दरवर्षी आपण नोव्हेंबरात दचकतो.

सत्र सुरू झालं की जुलैमध्येच एक मोठा कागद घ्या. त्यावर आधी प्रयोगशाळेची कामं टाका. तीही घोड्याइतकीच हट्टी असतात. माझा विषय सूक्ष्मजीवशास्त्र. जीवाणूंची वाढ मोजायचा प्रयोग सकाळी लावला की दर अर्ध्या तासाने रीडिंग, असे सहा-सात तास. ई. कोलाय चांगल्या पोषणात वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. आपली रपेट लांबली म्हणून तो थांबत नाही. असे प्रयोग मी सोमवारी लावते. आमच्या पागेत सोमवार घोड्यांच्या विश्रांतीचा, त्यामुळे दोन्हीकडचं मन शांत राहतं. तुमच्या पागेची सुट्टी कोणत्या दिवशी असते ते विचारा आणि सगळ्यात लांब काम त्या दिवशी टाका.

मार्गदर्शकांना स्पर्धेच्या तारखा आधी सांगा, आणि लेखी सांगा. परत आल्यावर रजेचा अर्ज आणि सोबत पदकाचा फोटो, हा क्रम उलटा आहे. माझ्या मार्गदर्शक मॅडमना घोड्यातलं काही कळत नाही, पण ऑगस्टमध्ये तारखा हातात पडल्यावर त्यांनीच माझा सेमिनार एक आठवडा अलीकडे घेतला.

कागदपत्रं शेवटच्या आठवड्यावर ढकलणं

माणूस बॅग उचलून निघतो, घोडा तसा निघत नाही. त्याला स्पर्धेला न्यायचं तर पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र आणि ग्लँडर्सची तपासणी मागतात. ग्लँडर्स हा *बर्खोल्डेरिया मॅलिआय* या जीवाणूचा रोग. तो घोड्यापासून माणसालाही होतो आणि जीवघेणा ठरू शकतो, म्हणून यात कुणी सवलत देत नाही आणि देऊही नये. हरियाणातल्या हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, ते या रोगाच्या निदानात देशातलं मुख्य ठिकाण. रक्त घेतलं, पाठवलं, अहवाल आला, यात दिवस जातात. प्रवेशिका भरली त्याच आठवड्यात रक्ताचा नमुना द्या. नालबंदाचंही तसंच: साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नाल बदलायची असते, ती स्पर्धेच्या आदल्या दिवशी बदलू नका. नवी नाल पायात बसायला चार-सहा दिवस मिळाले पाहिजेत, आणि खिळा जरा आत लागला असेल तर तेही त्या दिवसांतच कळतं.

मैदानावर पुस्तक उघडणं

मी हे केलं आहे. उड्यांच्या स्पर्धेत माझा क्रमांक बाविसावा होता. मध्ये दोन तास मोकळे, म्हणून तंबूत बसून नोट्स वाचत होते. कोर्स, म्हणजे अडथळ्यांचा मार्ग, पायी चालून बघायची वेळ पुकारली आणि मी शेवटच्या पाच मिनिटांत धावत गेले. अडथळे कुठे आहेत तेवढं पाहिलं, त्यांच्यामधलं अंतर मोजलंच नाही. चौथ्या आणि पाचव्या अडथळ्यामध्ये घोड्याच्या टापा जुळल्या नाहीत, दांडा पडला, चार दंडगुण.

कोर्स चालणं म्हणजे मोजणं. घोड्याची कँटरमधली (ट्रॉटपेक्षा वेगाच्या चालीतली) एक ढांग साधारण साडेतीन मीटरची, म्हणजे आपली मोठी चार पावलं. दोन अडथळ्यांमध्ये वीस पावलं भरली तर दोन उतरण्याची, दोन झेप घेण्याची वजा करा. उरलेल्या सोळांत चार ढांगा. हे गणित शांत डोक्यानेच होतं. पुस्तकं प्रवासात वाचा, परतीच्या वाटेवर वाचा, मैदानावर नको. आणि आदल्या रात्री जागून अभ्यास करून घोड्यावर बसू नका. पाचशे किलोच्या जनावरावर झोपाळलेला स्वार म्हणजे दोघांच्याही जिवाशी खेळ.

ड्रेसाजवाल्यांसाठी, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली आणि वळणं करून घेणाऱ्यांसाठी, एक गोष्ट. टेस्ट (त्या चालींचा ठरलेला क्रम) घोड्यावर बसून पाठ करू नका. रोज तीच टेस्ट चालवली की घोडाच ती पाठ करतो आणि सांगण्याआधी वळायला लागतो. मी गच्चीवर खडूने ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ ही रिंगणाच्या कडेची खुणेची अक्षरं लिहून टेस्ट पायी चालते. वीस बाय चाळीस मीटरचं रिंगण गच्चीत मावत नाही. चार बाय आठ फूट पुरतं.

२०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आलं, घोडेस्वारीत ४१ वर्षांनी, आणि त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. ते पाहून मलाही रडू आलं होतं. पण त्या संघातल्या चौघांनी युरोपात राहून वर्षानुवर्षं सराव केला आहे. त्यांची तासांची बेरीज आपल्या वेळापत्रकावर उतरवायला गेलात, तर आधी अभ्यास मोडेल आणि मग घोडा.

सुट्टीची चुकीची निवड

भटकंती बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. मात्र स्पर्धेच्या आधीच्या रविवारी लोहगडाच्या पायऱ्या चढू-उतरू नका. उतरताना पोटऱ्या आणि मांड्या धरतात, ते दुखणं दोन-तीन दिवस टिकतं, आणि घोड्यावर खालचा पाय स्थिर राहत नाही. घोड्याला मग नको तिथे टाच लागत राहते.

पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून गाडीने परतणं हीसुद्धा चूकच. चार तास रस्त्यावर गेले की सोमवारचा प्रयोगही गेला. लोकल बरी. सकाळच्या गाडीने मळवलीला उतरून भाज्याची लेणी पाहावीत. तिथल्या विहारात चार घोड्यांच्या रथातला सूर्य कोरलेला आहे. आम्ही चौघं जणं, त्यांतल्या तिघांना घोड्यांशी काही देणंघेणं नाही, तरी अर्धा तास त्याच्यासमोर बसून होतो. दुसऱ्या रविवारी कामशेतहून बेडशाला गेलो. तिथे व्हरांड्याच्या खांबांवर घोड्यांवर बसलेली जोडपी आहेत. दुपारी दोनपर्यंत घरी, संध्याकाळी पागेत.

घडी विस्कटलीच तर

काय सोडायचं, याचा क्रम आधीच ठरवून ठेवा. बहुतेक जण आधी मित्रांबरोबरचा रविवार सोडतात, मग झोप, मग घोड्याचं रोजचं चालणं, आणि स्पर्धा शेवटपर्यंत धरून ठेवतात. मी उलट करते. आधी स्पर्धा सोडते. प्रवेश शुल्क बुडतं, वाईट वाटतं, पण पुढची स्पर्धा येते. घोड्याचं रोजचं चालणं आणि माझी झोप या दोन गोष्टींना हात लावत नाही.

मैनाची डॉक्टरांनी रक्ततपासणी केली. स्नायूंचे एन्झाइम खूप चढलेले होते. ते उतरेपर्यंत तीन आठवडे नुसतं हातात धरून चालणं. पहिल्या आठवड्यात तर दहा-दहा मिनिटंच. रोज सकाळी सहाला मी आणि ती पागेमागच्या वाटेने चालायचो, मग मी कॉलेजला. त्या हंगामातल्या दोन्ही स्पर्धा गेल्या. फेब्रुवारीत तिने पहिली उडी घेतली, साठ सेंटिमीटरची. मोतद्दार काकांनी तिच्या ठाणाबाहेर एक पाटी टांगली आहे. ज्या दिवशी माझा फोन जातो, त्या दिवशी ते त्या पाटीवर खडूने लिहितात: आज काम नाही, चंदी निम्मी.