गच्चीवर पाएया कशी करायची, आणि उलथनं कुठं ठेवायचं

सगळ्यात आधी घरातलं मोठं उलथनं उचला आणि शेजाऱ्यांकडे ठेवून या. थट्टा नाही करत. पाएया म्हणजे स्पेनचा पसरट भांड्यातला भात, आणि माझ्या पहिल्या तीन उलथन्यानंच बिघडल्या. दोनदा हात माझा होता, एकदा बायकोचा. तांदूळ पडल्यावर या भाताला हात लावायचा नसतो, एवढं एक जमलं की बाकी सगळं जमतं. पण नागपूरच्या माणसाला चुलीपाशी उभं करून नुसतं बघत राहा म्हणणं सोपं आहे का?

मुलगी नोकरीसाठी स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, व्हॅलेन्सियाला गेली. मी निवृत्त झालो त्या वर्षी आम्ही दोघं तिच्याकडे राहून आलो. व्हिसा ९० दिवसांचा, राहिलो ८५. तिच्या घरमालक आजोबांचं मूळ गाव शहराच्या दक्षिणेला, अल्बुफेरा नावाच्या मोठ्या तळ्याच्या काठचं. त्या तळ्याभोवती भाताची शेती आहे, आपल्या भंडारा-गोंदियाची आठवण यावी अशी. रविवारी तिथल्या घरांत पाएया होते, आणि ती बहुतेक घरचा पुरुष करतो. बायकोनं हे पाहिलं आणि तिथंच जाहीर केलं, "अहो, बाकी काही नेऊ नका, हा रिवाज तेवढा नागपूरला न्या." म्हणून मानेवाड्याच्या आमच्या गच्चीवर हा उद्योग सुरू आहे.

पाएया हे मुळात भांड्याचं नाव. तिथल्या व्हॅलेन्सियन भाषेत पाएया म्हणजे पसरट कढई, लॅटिन ‘पातेल्ला’वरून आलेला शब्द. भांड्याचं नाव भाताला पडलं. तेव्हा भांड्यापासून सुरुवात करू. आपली कढई चालत नाही. तिचा बूड गोल, भात मधे ढीग होऊन बसतो. तो पसरायला हवा, एक बोट जाडीचा, जास्तीत जास्त. स्टीलची परात पातळ असते, जाळ लागला की मधे डाग पडतो आणि कडेला काहीच होत नाही. मला इतवारीत चाटच्या ठेल्यावर असतो तसला लोखंडी तवा मिळाला, दीड फूट व्यासाचा, दोन कान असलेला. अट एकच, काठ दोन-अडीच इंच उभा हवा आणि बूड सपाट. दुकानदारानं विचारलं, "आलू टिक्कीचा ठेला लावून राहिले का काका?" हो म्हटलं. समजावत बसण्यात अर्थ नव्हता. हा तवा सहा माणसांना पुरतो. दहा माणसं येणार असतील तर दुसरा तवा घ्या, याच्यात जास्त तांदूळ घालू नका.

आता पाणसळ. हसू नका, गवंड्याकडून मागून आणा. आमची गच्ची पावसाचं पाणी जावं म्हणून नाहाणीच्या पाइपाकडे उतार देऊन बांधलेली आहे, तुमचीही असेल. पहिल्या वेळी मी तीन विटा मांडल्या, तवा ठेवला आणि खुशीत रस्सा ओतला. तो सगळा पूर्वेकडे जाऊन बसला. तासाभरानं पूर्वेला खिचडी झाली होती आणि पश्चिमेला तांदूळ दाताखाली कचकच वाजत होता. भाचा म्हणाला, "मामा, मधे बसलेल्याचं बरं झालं." तेव्हापासून विटांवर रिकामा तवा ठेवायचा, आत थोडं पाणी ओतायचं, पाणसळ आडवी-उभी लावायची, आणि बुडबुडा मधे येईपर्यंत विटांखाली खापराचे तुकडे सारायचे. दहा मिनिटं जातात. या दहा मिनिटांवर मी तडजोड करत नाही.

विटांखाली रेती पसरा, चार बोटं तरी. हे मी तिथल्या रस्त्यावर पाहिलं. मार्चमध्ये त्यांचा फायास नावाचा सण असतो, १५ ते १९ तारखेपर्यंत मोठा जोर. चौकाचौकांत पुतळे उभे करतात, पुढाऱ्यांची आणि महागाईची टिंगल करणारे, आणि १९ च्या रात्री जाळून टाकतात. बायको बघतच राहिली, म्हणाली, "बाप्पा, हे तर आपले बडगे!" खरंच, मारबतीच्या मिरवणुकीतले बडगेच जणू, फक्त चार-पाच मजले उंच. एवढाच फरक की लोकांच्या मतानं निवडलेली एक बाहुली दरवर्षी आगीतून वाचवतात. तर त्या दिवसांत गल्लीगल्लीत पाएयाच्या चुली पेटतात, आणि डांबर वितळू नये म्हणून खाली रेती टाकतात. आमच्या गच्चीवरच्या दोन टाइल्स तडकल्यावर मला त्या रेतीचा अर्थ कळला.

जळण. इथं नागपूरकराचं नशीब जोरावर आहे. पाएया संत्र्याच्या लाकडावर करायची, असं तिकडे सगळे सांगतात, कारण भाताच्या शेताला लागून त्यांच्या संत्र्याच्या बागा. आपल्याकडे काटोल, नरखेड, वरुडला कोणी ना कोणी नातेवाईक असतोच. फळ तोडून झालं की बागेतली सल काढतात, म्हणजे झाडावरच वाळलेल्या बारीक फांद्या. ती बहुतेक बांधावर जळून जाते. माझा साळा काटोलचा. दर वर्षी दोन पोती सल आणून टाकतो आणि दर वर्षी विचारतो, "भाऊजी, शहरात गॅस बंद झाला काय?" बारीक सल घ्या, अंगठ्याएवढी, नीट वाळलेली. बुंध्याची लाकडं घेऊ नका, बुंध्याला बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद-चुन्याचं औषध, फासलेलं असतं, त्याचा धूर जेवणात नको. बारीक काडीचा फायदा असा की जाळ उंच आणि लगेच येतो, आणि कमी करायचा झाला की चार काड्या ओढून घेतल्या की झालं. पुढे याचीच गरज पडते.

सामान, सहा जणांचं. गावरानी कोंबडी सव्वा किलो, हाडासकट, लहान तुकडे. तिकडे कोंबडीबरोबर ससा घालतात; आपण तो विषय सोडून देऊ. चपट्या हिरव्या शेंगा पाव किलो, त्यांची ‘फेर्राउरा’ मिळत नाही म्हणून बीन्सच्या फल्ल्या घ्या. गार्रोफो नावाची पांढरी, मोठी, चपटी बी असते, तिच्याऐवजी थंडीत पोपटाचे, म्हणजे वालाचे ताजे दाणे. एरवी डबल बी रात्रभर भिजवून, अर्धवट उकडून. दोन टमाटे, मधोमध कापून किसणीवर किसायचे, साल हातात उरते. ऑलिव्ह तेल अर्धी वाटी. केशराच्या पंधरा-वीस काड्या. तिकडच्या कित्येक घरांत केशराऐवजी पिवळा रंग घालतात, हे आजोबांनी मला दार लावून सांगितलं. रोजमेरीची एक काडी. नर्सरीतून कुंडी आणलीत तर ती मे महिना बघत नाही, दोनदा अनुभव घेतला.

कांदा नाही. लसूण-अद्रक पेस्ट नाही. सांबार, म्हणजे कोथिंबीर, नाही. गरम मसाल्याचं नावसुद्धा नाही. मिरची मात्र लागते, ‘पिमेंतोन’, गोड लाल पावडर, रंगासाठी. मी पहिल्यांदा अभिमानानं भिवापुरी घातली, आपल्याच जिल्ह्यातली. एक चमचा. लोकांनी खाल्लं, पण तो सावजीचा भात झाला होता. काश्मिरी घ्या, एक सपाट चमचा.

तांदळावर माझं सगळ्यात जास्त डोकं फुटलं. तिकडचा बोंबा तांदूळ आखूड, गोल. भरपूर रस्सा पितो आणि तरी मोकळा राहतो. बासमती रस्सा आत घेतच नाही, चव बाहेर आणि भात फिका. आंबेमोहोराचा गोळा झाला. एचएमटी अंगानं बारीक, डोळ्यांदेखत फुटला. शेवटी चालला तो जुना कोलम, वर्षभर मुरलेला. नवा तांदूळ घेऊ नका. तीन वाट्या घ्या, दोनशे ग्रॅमवाल्या. धुवायचा नाही, फडक्यात चोळून पुसून घ्यायचा.

आता करणं. सकाळी अकराला चूल पेटवा म्हणजे दोनला जेवाल. हे दुपारचं जेवण आहे. रात्री पाएया म्हटलं की तिथले लोक तोंड वाकडं करतात.

तेल तापलं की काठाकाठानं मीठ शिंपडा, तेल कमी उडतं. कोंबडी टाका, मध्यम जाळावर वीस-पंचवीस मिनिटं, सगळ्या बाजूंनी तांबूस. इथं हलवा, उलटा, पाहिजे तेवढी हौस भागवून घ्या. मग शेंगा आणि दाणे, पाच मिनिटं. सगळं कडेला सारून मधे टमाटा. तो आटून काळपट लाल झाला की मिरची पावडर. हाताशी पाणी तयार ठेवा, कारण मिरची करपायला दहा सेकंद पुरतात आणि मग कडूपणा जात नाही. लगेच दोन लिटर गरम पाणी. पाण्यावरून आजोबा ऐकवायचे, आमच्या नळाच्या पाण्याशिवाय पाएया होतच नाही. आमच्या नळाला पेंचचं येतं. होते.

गावरानी कोंबडी तासभर शिजू द्या, पाणी आटलं तर घालत राहा. मऊ झाली की रस्सा डावानं पातेल्यात काढून मोजा: साडेसात वाट्या पाहिजे. तांदळाच्या अडीचपट. बोंबाला तिप्पट लागतं, आपल्या कोलमला नाही. कमी असेल तर पाणी, जास्त असेल तर तो रस्सा प्यायला घ्या, सर्दीला चांगला. मोजलेला रस्सा परत तव्यात, केशर, आणि चव बघा. थोडं खारट लागलं पाहिजे. आता बरोबर लागलं तर भात अळणी होतो.

जाळ उंच करा, रस्सा खदखदू द्या. तांदूळ तव्यावर या कानापासून त्या कानापर्यंत सरळ रेषेत ओता, शेताच्या धुऱ्यासारखा, म्हणजे बांधासारखा. मग चमच्याच्या मागच्या बाजूनं तो सगळीकडे सारखा पसरा, एकही दाणा कोंबडीवर कोरडा राहू नये. पसरला? चमचा खाली ठेवा. इथून पुढे अठरा-वीस मिनिटं तुम्हाला काही काम नाही.

हीच ती वीस मिनिटं. पहिली दहा मोठ्या जाळावर, दाणे बुडबुड्यांत नाचतात. मग दोन-चार सल सोडून बाकी बाहेर ओढा. रस्सा खाली जातो, भात डोकं वर काढतो, पृष्ठभागावर बारीक बारीक भोकं पडतात. नेमकं याच वेळी आमच्याकडे कोणीतरी येऊन म्हणतं, "अहो, काय करून राहिले, लागून राहिलं ना खाली! हलवा ना थोडं." लागू द्या. लागायलाच पाहिजे. हलवलं की दाण्यातला चिकटपणा सुटतो, मऊ भात होतो, आणि खालची खरवड बनतच नाही. त्या खरवडीला ते सोकारात म्हणतात, आणि तिच्यासाठी भांडतात.

खरवड डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी कळते. पाणी संपत आलं की खदखद थांबते आणि बारीक तडतड सुरू होते, फोडणीतल्या मोहरीच्या शेवटच्या दाण्यांसारखी. मूठभर काड्या टाकून मिनिटभर जाळ वाढवा आणि वाकून वास घ्या. भाजलेल्या पोह्यांचा वास म्हणजे बरोबर. पापड जळाल्याचा आला तर उशीर झाला, तवा लगेच उतरवून ओल्या फडक्यावर ठेवा. नाही तर नुसता उतरवा, रोजमेरी वर टाका, स्वच्छ फडकं झाका, पाच मिनिटं.

ताटं लावायची नाहीत. तवा मधे, भोवती माणसं, प्रत्येकाच्या हातात लाकडी चमचा. आपल्या समोरच्या काठापासून त्रिकोण धरून मधे खात यायचं, शेजाऱ्याच्या हद्दीत जायचं नाही. आमच्या आईला हे पटलं नाही. "एका ताटात सहा उष्टे हात?" तिचा वाटा आधी वेगळा काढतो, खरवडीसकट, कारण लहानपणी दुधाच्या खरवडीची सवय तिनंच आम्हाला लावली. भाच्यानं एकदा खिशातून तर्रीची पिशवी काढली होती. त्याला त्याच्या त्रिकोणात घालू दिली, धुरा ओलांडायचा नाही या अटीवर.

हे सगळं करून जे बनतं त्याला व्हॅलेन्सियाचा माणूस पाएया म्हणेल का? नाही म्हणणार. ससा नाही, गार्रोफो नाही. त्यांच्याकडे अशा भातासाठी तयार शब्द आहे, ‘अर्रोस कोन कोसास’, वस्तू घातलेला भात. २०१६ मध्ये जेमी ऑलिव्हर या ब्रिटिश शेफनं चोरिसो सॉसेज घातलेली पाएया ट्विटरवर टाकली तर अख्खा देश त्याच्यावर तुटून पडला होता. मी मुलीकडून आजोबांना फोटो पाठवला. त्यांनी कोंबडीबद्दल काही म्हटलं नाही, तांदळाबद्दलही नाही. विचारलं, "लाकूड कसलं?" संत्र्याचं, म्हटलं. मग अंगठा आला.

माळकऱ्यांसाठी कोंबडीऐवजी फुलकोबीचे मोठे तुरे तेलात चांगले तांबूस करा. तिकडेही भाज्यांची करतात. पाणी तेवढंच, तासभर उकळायची गरज नाही.

तवा साबणानं घासू नका. गरम पाणी ओतून अर्धा तास ठेवा, नारळाच्या शेंडीनं काढा, चुलीच्या उरल्या धगीवर कोरडा करा आणि तेलाचा हात फिरवा, नाही तर पुढच्या रविवारपर्यंत गंज धरतो. रेती पोत्यात भरून ठेवा. उलथनं शेजाऱ्यांकडून आणा. पाणसळ मिस्त्रीला परत द्यायची असते. माझ्याकडची दिवाळीपासून इथंच आहे.