अ‍ॅक्सोलॉटलचं पिल्लू नव्या टँकमध्ये सोडताय? या चुका टाळा

टँक, फिल्टर आणि अ‍ॅक्सोलॉटलचं (पाण्यातच राहणाऱ्या, तुऱ्यांसारखे कल्ले असलेल्या एका सॅलमँडरचं) पिल्लू एकाच दिवशी घरी आणणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पाणी नितळ असतं, फिल्टर चालू असतो, तरी थोड्याच दिवसांत पिल्लू खाणं सोडतं. कल्ल्यांचे तुरे आखडतात, शेपटीचं टोक वळतं, कातडी लालसर दिसते. नव्या जागेत बावरलं असेल, असं म्हणून आपण वाट बघत बसतो. अशा वेळी पहिला संशय अमोनियावर घ्या.

पिल्लाच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया पाण्यात येतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वाढावे लागतात. टँक सायकल होणं म्हणतात ते हेच, आणि त्याला साधारण ४ ते ८ आठवडे लागतात. पाणी दोन दिवस भरून ठेवलं तर फार तर क्लोरिन उडून जाईल. जिवाणू येणार नाहीत.

पिल्लू टँकमध्ये ठेवूनच सायकल करणं

हे करूच नका. आधीच सोडलं असेल तर आजच बाहेर काढा. साबण न लागलेला, पसरट, झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, झाकणाला भोकं पाडा. क्लोरिन काढलेलं पाणी भरा आणि ते रोज पूर्ण बदला. उद्याचं पाणी आजच त्याच खोलीत भरून ठेवलं की तापमानात फरक पडत नाही. खाऊन झाल्यावर उरलेले तुकडे आणि विष्ठा मोठ्या ड्रॉपरनं लगेच उचला. पिल्लू या डब्यात कित्येक आठवडे मजेत राहतं.

तोवर पिल्लू नसलेल्या, पाणी भरलेल्या टँकमध्ये जिवाणूंचं खाद्य म्हणून सुगंध किंवा साबण नसलेला अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दशलक्षात २ भाग) घाला. तो २४ तासांत शून्यावर आला, नायट्राइटही शून्य दिसलं आणि नायट्रेट वाढलं, की टँक तयार. या काळात पाणी २५-२६ अंश असलं तरी चालतं, उलट जिवाणू लवकर वाढतात. ओळखीतल्या कुणाच्या निरोगी टँकमधला वापरता स्पंज मिळाला तर वेळ बराच वाचतो. मात्र तो नळाखाली धुवायचा नाही.

टेस्ट घाईत उरकणं

पाण्यातला अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजायला पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट घ्या. नायट्रेटची बाटली सूचनेप्रमाणे जोरात हलवली नाही तर आकडा खोटाच कमी येतो. नळी पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात धरा; पिवळा आणि फिकट हिरवा यांतला फरक ट्यूबलाइटखाली कळत नाही.

उन्हाळा विसरणं

हा मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या थंड पाण्यातला प्राणी. त्याला १६ ते १८ अंश मानवतं. २२-२३च्या वर तो थकतो, बुरशी धरते. पाणी तापलं की तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो. पुण्या-नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये पंख्यानं भागत नाही, पाणी थंड करणारं यंत्र, म्हणजे चिलर लागतोच. त्याचा खर्च झेपणार नसेल तर पिल्लू आणूच नका.

तळाला खडी

पिल्लू घास घेताना खडीही गिळतं आणि आतडं अडतं. तळ मोकळाच ठेवा.

टँक तयार झाल्यावर बरंचसं पाणी बदलून नायट्रेट २० पीपीएमच्या खाली आणा, पाणी थंड करा आणि मगच पिल्लू सोडा. पहिला आठवडा रोज टेस्ट करा. अमोनिया किंवा नायट्राइट जरासं जरी दिसलं तर निम्मं पाणी बदला, आणि दुसऱ्या दिवशीही दिसलं तर पिल्लू परत डब्यात.