उघडलेला सॉस फ्रिजमध्ये की ओट्यावर? या चुका टाळा

फ्रिजचं दार उघडून बघा. व्हिनेगर, मध आणि लोणचं आत दाटीवाटीनं बसलेलं, आणि लसूण घातलेला ओला ठेचा मात्र ओट्यावर. बऱ्याच घरांत दिसणारी ही मांडणी नेमकी उलटी आहे.

कुठली बाटली कुठे ठेवायची हे चार गोष्टींवर ठरतं: आंबटपणा, मीठ, साखर आणि पाण्याचा अंश. आम्लता मोजायच्या पीएच मापावर ४.६ च्या खाली असलेल्या पदार्थात सगळ्यात घातक जंतू वाढत नाहीत. टोमॅटो केचप साधारण ३.९ वर असतो, शिवाय त्यात व्हिनेगर, साखर आणि मीठ. म्हणून हॉटेलच्या टेबलावर तो दिवसभर बाहेर राहिला तरी कुणी आजारी पडत नाही. घरी बाटली महिनाभरात संपणार असेल तर बाहेर चालते. पण वाशीच्या एपीएमसीतून, म्हणजे घाऊक बाजारातून, स्वस्त पडतो म्हणून किलोचा पाउच आणला असेल आणि घरात खाणारी माणसं दोनच, तर तो उघडल्या दिवसापासून फ्रिजमध्ये.

लेबलवरच्या 'थंड व कोरड्या जागी ठेवा' या ओळीवर विसंबून राहणं ही पहिली चूक. मे महिन्यात ठाण्यातला गॅसशेजारचा ओटा थंड नसतो, आणि जुलैत ऐरोली-नेरूळचं कुठलंच कपाट कोरडं नसतं. त्याच लेबलवर बारीक अक्षरात 'उघडल्यानंतर फ्रिजमध्ये ठेवा' असंही असतं, तेच पाळायचं. एक्सपायरीची तारीख बंद पॅकची असते. झाकण उघडलं की ती विसरा. मार्करनं बाटलीवर उघडल्याची तारीख टाका.

लसूण, तेल आणि ओला ठेचा

खरा धोका इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर. लसूण जमिनीत वाढतो आणि त्याला क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू चिकटलेले असू शकतात. लसूण फारसा आंबट नसतो. त्यावर तेल ओतलं की हवा तुटते, आणि या जंतूला नेमकी बिनहवेची जागा लागते. तयार होणाऱ्या विषाला वास नसतो, चव नसते, बुरशीही दिसत नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, झाला. बाटलीवर फ्रिजमध्ये ठेवण्याची सूचना होती, ती पाळली गेली नव्हती.

तेव्हा 'वर तेल घातलंय, टिकेल' हा हिशेब लोणच्याला लागू पडतो, ठेच्याला नाही. लोणच्यात मीठ भरपूर आणि कैरी मुळात आंबट. घरचा ओला ठेचा, शेजवान चटणी, लसणाचं तेल हे सगळं फ्रिजमध्ये, आणि आठवड्यात संपवायचं. जास्त केलं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागेल तशी वडी काढा. विकतच्या शेजवान चटणीत आम्ल आणि प्रिझर्व्हेटिव्ह असतं, तरी उघडल्यावर तिची जागा फ्रिजमध्येच. सुकं खोबरं-लसणाची कोरडी चटणी बाहेर दोनेक आठवडे राहते. पावसाळ्यात ती आधी मऊ पडते आणि मग खवट होते.

स्टेशनबाहेरच्या मोमोंसोबत किंवा पार्सलमधून आलेल्या चटणीच्या डब्यांवर ना तारीख असते ना घटक. त्याच दिवशी संपवा, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रिजमध्ये. सीलबंद केचपच्या पुड्या खुशाल डब्यात साठवा.

मेयोनीज

उघडलं की फ्रिजमध्ये, दोन महिन्यांत संपवायचं. बिनअंड्याचं असलं तरी सूट नाही. मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका: तिथे ते गोठतं, फाटतं आणि तेल वेगळं होतं. दारातला कप्पा बरा. घरी कच्च्या अंड्याचं केलं असेल तर साल्मोनेला या जंतूची भीती असते, त्यामुळे तीन-चार दिवसांपलीकडे जाऊ नका.

ओला चमचा

लोणच्याला बुरा येतो तो बहुतेक वेळा उकाड्यानं नव्हे, पाण्यानं. धुतलेला चमचा पुसला तरी दांड्याच्या खाचेत थेंब राहतो. दुसरं कारण म्हणजे फोडी तेलाच्या वर डोकावणं. तेल धूर येईपर्यंत तापवा, पूर्ण गार करा आणि फोडी बुडतील इतकं ओता. अशा तेलाच्या लोणच्याला फ्रिज लागत नाही. तिथे तेल थिजतं, आणि दर वेळी बरणी बाहेर काढली की आत दव धरतं. कमी मिठाचं किंवा बिनतेलाचं ताजं लोणचं मात्र आत ठेवा.

बुरा आलाच तर वरचा थर काढून खालचं वापरायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची काटकसर सोडा. मऊ पदार्थात बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. जॅमलाही हेच लागू.

हे बिघडलेलं नाही

केचपवर पाणी सुटलं तर हलवून घ्या. मध खडीसाखरेसारखा झाला तर बरणी कोमट पाण्यात ठेवा. मधाला फ्रिजमध्ये ठेवूच नये, थंडीनं तो लवकर दाणेदार होतो. आलं-लसूण पेस्ट हिरवी-निळी पडली तर ती लसणातल्या घटकांची प्रक्रिया आहे, खायला हरकत नाही. सोया सॉस बाहेर टिकतो, पण हवेनं काळपट आणि उग्र होत जातो. महिन्यातून एकदाच हाका नूडल्स होत असतील तर तो फ्रिजमध्ये ठेवा. कमी मिठाचा सोया सॉस तर नक्कीच. व्हिनेगर कायम बाहेर.

हे मात्र टाका

झाकण उघडताना फस्स आवाज, फुगलेला पाउच, आंबूस दारूसारखा वास, झाकणाच्या आतल्या बाजूला काळे-हिरवे ठिपके. पाउचच्या तोटीत वाळलेला केचप ही बुरशीची आवडती जागा. दर वेळी तोटी कोरड्या कापडानं पुसा आणि हवा दाबून काढून मगच झाकण लावा.

देखभालीसाठी दिवसभर वीज गेली, तर न उघडलेला फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. त्यानंतर केचप, मोहरी सॉस आणि लोणच्याची काळजी नको. मेयोनीज आठ तासांहून जास्त १० अंशांच्या वर राहिलं असेल तर टाका. हिरवी चटणी आणि ओल्या नारळाची चटणी, कितीही हळहळ वाटली तरी, चार तासांपलीकडे ठेवू नका.