कुत्र्याला बागेतली फुलं खायला देताना

कुंडीखाली गळलेली गुलाबाची पाकळी कुत्रा हुंगतो, चाटतो आणि बघता बघता गिळूनही टाकतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण शेजारच्या कुंडीत सदाफुली किंवा कुंपणाला कण्हेर असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून फुलं खाऊ म्हणून द्यायची असतील तर सुरुवात बाग तपासण्यापासून करा.

१. घातक झाडं आधी हटवा

कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, या दोन्हींच्या पानाफुलांपासून बियांपर्यंत हृदयाचे ठोके बिघडवणारं विष असतं. कण्हेरीची फांदी ठेवलेलं फुलदाणीतलं पाणीसुद्धा धोक्याचं. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी कळलावीही जिवावर बेतू शकते. धोतरा, घाणेरी, गुलबाक्षीच्या बिया आणि मुळं यांपासूनही कुत्र्याला लांबच ठेवा.

सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टीन हे औषध पशुवैद्य कुत्र्यांच्या संसर्गजन्य कर्करोगाच्या गाठीवर देतात हे खरं, पण ते वजनानुसार मोजून, शिरेतून आणि देखरेखीखाली. औषधी म्हणून पानंफुलं चारणं म्हणजे विषबाधेला आमंत्रण. शेवंती आणि अनंत यांनी उलट्या-जुलाब होऊ शकतात, तेही टाळा.

२. फूल कुठून आलं ते पाहा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. गुलाब, लाल जास्वंद, मोगरा, सूर्यफूल, भोपळ्याची फुलं आणि कॅलेंडुला निरोगी कुत्र्याला थोड्या प्रमाणात चालतात, पण ती स्वतःच्या, फवारणी न केलेल्या झाडाची हवीत. कॅलेंडुला म्हणजे हारातला झेंडू नव्हे. त्या झेंडूने पोटाला त्रास होऊ शकतो. बाजारातल्या फुलांवर काय मारलंय ते कळत नाही. नर्सरीतून नुकतंच आणलेलं रोपही त्यातच धरा.

निर्माल्याची पिशवी तर कुत्र्याच्या तोंडाला लागेल अशी ठेवूच नका. हाराचा दोरा आतड्यात अडकतो. तार, कापूर आणि सुपारी यांचा धोका वेगळाच.

मातीकडेही लक्ष असू द्या. खतात एरंडीची पेंड असेल तर कुत्रे वासाने कुंडी उकरून ती खातात, आणि तिच्यातलं रिसिन हे विष प्राणघातक ठरू शकतं. गोगलगायी मारण्यासाठी टाकलेल्या गोळ्याही तशाच.

३. निवडा आणि धुवा

जास्वंदीचं फूल उलटं धरून झटका, आतल्या मुंग्या पडतील. देठाजवळ कापसासारखा पांढरा थर दिसला तर तो पिठ्या ढेकूण. असं फूल बाजूला टाका. हिरवा भाग आणि मधला परागकणांचा दांडा काढून फक्त पाकळ्या घ्या. गुलाबाच्याही नुसत्या पाकळ्याच, काटा किंवा देठ नको. वाहत्या पाण्याखाली धुऊन घ्या.

४. थोडंसं द्या आणि थांबा

पहिल्या वेळी एकाच जातीच्या एक-दोन पाकळ्या पुरेत. दिवसभर शी, खाज आणि उलटी यांवर लक्ष ठेवा. पिल्लू, गाभण कुत्री किंवा औषधं चालू असलेला कुत्रा असेल तर आधी पशुवैद्यांना विचारा.

५. कशासाठी वापरायची?

पोषणासाठी कुत्र्याला फुलांची गरज नाही. खरी मजा वासाची आहे. जुन्या टॉवेलच्या घड्यांत गुलाबाच्या पाकळ्या आणि रोजच्या जेवणातले चार दाणे लपवा. नाक खुपसून शोधण्यात कुत्रा छान रमतो आणि दमतोही. उन्हाळ्यात साध्या, बिनसाखरेच्या दह्यात चिरलेली पाकळी घालून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. भोपळ्याचं फूल नुसतं वाफवून द्या. कांदा घातलेली भजी कुत्र्याला अजिबात देऊ नका, गुलकंदही नको.

६. चुकीचं काही खाल्लं तर

तोंडात उरलेलं काढा आणि लगेच पशुवैद्यांना फोन करा. उलटीसाठी मिठाचं पाणी पाजू नका, त्याने रक्तातलं मीठ धोकादायक पातळीला जाऊ शकतं. दूध-तुपाचे घरगुती उपायही नकोत. किती वाजता आणि किती खाल्लं ते सांगा, कुत्र्याचं वजन सांगा, आणि झाडाची पानाफुलांसकट फांदी पिशवीत घालून दवाखान्यात सोबत न्या.