डिस्लेक्सिया आणि दोन भाषा: या चुका टाळा

मूल इंग्रजी वाचताना अडखळलं की सल्ला ठरलेला असतो: "घरी मराठी बंद करा, गोंधळ होतो त्याचा." मला या सल्ल्याचा आता खरोखर वीट आलाय. दोन भाषा कानावर पडल्याने डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचायला-लिहायला जड जाणं, होत नाही. बहुतेक मुलांची अडचण असते ती शब्दातले ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडण्याची.

तिसरीतला एक मुलगा आठवतो. शाळेने सांगितलं म्हणून आईबाबांनी घरात फक्त इंग्रजी सुरू केलेलं. आजीला इंग्रजी येत नाही, त्यामुळे रात्रीच्या गोष्टी बंद. वर्षभराने माझ्याकडे आला तेव्हा वाचन होतं तिथेच, वर बोलणंही आटलेलं. मी पुस्तक उघडलंच नाही. "'कमळ' म्हण. आता त्यातला 'क' काढून म्हण." गप्प. "'स'ने सुरू होणारा शब्द सांग." "पतंग." मराठीतच ध्वनी सुटत नव्हते, तर मराठी बंद करून साधलं काय? आजीच्या गोष्टी पुन्हा सुरू करायला लावल्या, ध्वनींचे खेळ मराठीतून घेतले, इंग्रजी त्यानंतर. वडील दर वेळी विचारायचे, "मॅडम, किती सेशन्समध्ये बरा होईल?" डिस्लेक्सिया म्हणजे सर्दी नव्हे. आज तो वाचतो. सावकाश, पण समजून.

दुसरी चूक याच्या उलट: "मराठी बरोबर वाचतो, म्हणजे डिस्लेक्सिया नाहीच." देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बरंच सरळ आहे, इंग्रजीत 'कट' आणि 'पुट'मधला तोच यू दोन आवाज काढतो. त्यामुळे मराठीत मूल चुकतं कमी, रखडतं जास्त. वायडेल आणि बटरवर्थ या संशोधकांनी 1999 मध्ये जपानमध्ये वाढलेल्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली: जपानी वाचन उत्तम, इंग्रजीत मात्र डिस्लेक्सिया. एकाच भाषेत तपासून निकाल देणाऱ्यांनी ती वाचावी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' ही डिस्लेक्सियाची चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तयार केली आहे. मराठी चाचणी असताना फक्त इंग्रजीवर अहवाल का लिहायचा?

तपासताना मी स्वतः घड्याळ लावते, वेगही बघायचा असतो. पाठ्यपुस्तकातला धडा कधीच देत नाही, तो मुलाला अर्धा तोंडपाठ असतो. 'टमुक', 'किर्पा', 'लोश्वी' असे बनावट शब्द देते, म्हणजे अंदाजपंचे वाचन लगेच उघडं पडतं. जोडाक्षर, रफार आणि पहिली वेलांटी (लिहायची आधी, उच्चारायची नंतर) इथे मूल थांबतं का, ते बघते.

बाकीचं थोडक्यात.

पहिलीतल्या मुलाने बी-डी उलटे काढले म्हणून घाबरू नका. त्या वयात बरीच मुलं काढतात.

रंगीत चष्मे, डोळ्यांचे व्यायाम: पैसे वाचवा. नजर मात्र एकदा तपासून घ्या.

चुकलेला शब्द वीस वेळा लिहायला लावणं म्हणजे फक्त हात दुखवणं.

तीस दिवसांत वाचन शिकवणाऱ्या ॲपबद्दल मला विचारू नका.

आणि प्रमाणपत्र. विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातच येतो) 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, दहावीच्या परीक्षेत जादा वेळही मिळतो. पण तपासणीला वेळ लागतो. बोर्डाचा फॉर्म भरायच्या आठवड्यात फोन करणारे पालक मला दरवर्षी भेटतात, आणि घाई त्यांनाच सगळ्यांत जास्त असते.