वरण घट्ट, भात मोजका: डाळी, धान्ये आणि पिष्टमय पदार्थ ताटात कसे बसवावेत

मागील वर्षी माझ्या सासऱ्यांनी एका ओळखीच्या व्यायाम-मार्गदर्शकाच्या सांगण्यावरून पोळी, भाकरी, भात आणि डाळ हे सर्व एकाच दिवशी बंद केले. मधुमेहाच्या गोळ्या मात्र पूर्वीप्रमाणेच चालू ठेवल्या. चौथ्या दिवशी दुपारी ते खुर्चीत घामाने चिंब होऊन बसलेले दिसले. हात थरथरत होते, शब्द जुळत नव्हते आणि ग्लुकोमीटरवर साखरेचा आकडा होता 54, म्हणजे फारच कमी. साखरेचे पाणी दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांत ते सावरले. त्यानंतर घरातील धान्य आणि डाळी यांचा मी मुळापासून विचार केला, आणि त्यातून जी पद्धत बसली ती येथे सविस्तर मांडत आहे.

सासऱ्यांना जी कारणे सांगितली गेली होती ती तीन होती: धान्य हे माणसाचे मूळ अन्न नाही, कडधान्यांत लेक्टिन (एक प्रकारची प्रथिने) आणि फायटेट (खनिजांचे शोषण रोखणारे द्रव्य) ही घातक द्रव्ये असतात, आणि स्टार्च म्हणजे शेवटी साखरच. पहिल्या कारणात फारसा दम नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या उत्खननात तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीत जव आणि कडधान्ये यांचे जळालेले दाणे सापडले आहेत, आणि लाळेत स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती पिष्टमय अन्न खाणाऱ्या समाजांत अधिक आढळतात, हे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले आहे. दुसऱ्या कारणात तथ्य आहे, परंतु त्यावरचा उपाय आपल्या आज्यांच्या हातात आधीपासूनच होता: भिजवणे, मोड आणणे, आंबवणे आणि नीट शिजवणे. तिसरे कारण अर्धे खरे आहे. स्टार्चचे रूपांतर ग्लुकोजमध्ये होते, पण ते किती वेगाने होते हे त्या पदार्थाच्या कोंड्यावर, शिजवण्यावर आणि सोबत काय खाल्ले यावर ठरते. अख्खी मसूर आणि पांढरा भात यांत स्टार्च असला तरी रक्तातील साखर दोघांनी सारखी चढत नाही.

म्हणून माझे उत्तर असे आहे की डाळी, धान्ये आणि कंद या तिघांनाही ताटात जागा आहे. बिघडलेले आहे ते त्यांचे आपसातील प्रमाण. आपल्या बहुतेक घरांत पोळी-भाताचा ढीग मोठा आणि त्यावरचे वरण पाण्यासारखे पातळ असते.

पहिले काम: किराण्याची यादी काढून बेरीज करा

ताटात किती वाढले हे आठवून सांगता येत नाही, पण महिन्याची यादी खोटे बोलत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात कच्च्या वजनाने 250 ग्रॅम तृणधान्ये, 85 ग्रॅम डाळी व कडधान्ये, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळे आणि 300 मिलिलिटर दूध किंवा दही असे प्रमाण दिले आहे. मांसाहारी घरांत डाळीच्या वाट्यातील काही भाग अंडी, मासे किंवा मांस भरून काढू शकतात.

चार प्रौढ माणसांचे घर धरले तर महिन्याला तृणधान्ये 30 किलो आणि डाळी-कडधान्ये 10 किलोच्या थोडी वर होतात. आमची यादी काढली तेव्हा गहू 22 किलो, तांदूळ 10 किलो, ज्वारी-बाजरी मिळून 8 किलो आणि रवा, पोहे वगैरे 4 किलो, म्हणजे एकूण 44 किलो धान्य निघाले. डाळी, कडधान्ये आणि बेसन मिळून अवघे साडेपाच किलो. अपेक्षेच्या जवळजवळ दीडपट धान्य आणि अर्धी डाळ! ही बेरीज पाहिल्यावर मला आणखी कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही. तुमच्या घरातील वये, कष्ट आणि पाहुण्यांची वर्दळ यांप्रमाणे आकडे बदलतील, परंतु धान्य आणि डाळ यांचे प्रमाण साधारण तीनास एक येते का, एवढे अवश्य तपासावे.

प्रथिनांचा हिशोबही याच यादीतून लागतो. साठ किलो वजनाच्या प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे 50 ग्रॅम प्रथिने लागतात. 85 ग्रॅम डाळीतून साधारण 18 ते 19, 250 ग्रॅम धान्यातून 25 च्या आसपास आणि दुधातून 10 ग्रॅम मिळतात. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळीत मिथिओनिन कमी असते, आणि दोन्ही मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात. वरण-भात, खिचडी, बाजरीची भाकरी आणि हुलग्यांचे पिठले या जोड्या म्हणूनच टिकल्या असाव्यात.

डाळ वाढवायची कशी

85 ग्रॅम डाळ म्हणजे माझ्या मुठीने कोरड्या डाळीच्या साधारण दोन मुठी. एकाच जेवणात ती खपवण्याचा प्रयत्न केला तर पोट फुगते आणि घरचे कंटाळतात. तीन ठिकाणी वाटली की कोणाच्या लक्षातही येत नाही. सकाळी पोह्यांऐवजी आठवड्यातून तीन वेळा मुगाचे धिरडे, दुपारी पळीतून सावकाश पडेल इतके घट्ट वरण आणि रात्री उसळ किंवा पिठले, असा क्रम आमच्याकडे बसला. वरणात पाणी घालून माणशी वाटी पुरवण्याची जी सवय हाताला लागलेली असते, ती मोडण्यास मला दोन महिने लागले.

मटकी आठ ते दहा तास भिजवून, दोनदा धुऊन, ओल्या सुती फडक्यात सैलसर बांधून चाळणीत ठेवावी. उन्हाळ्यात बारा तासांत मोड डोकावतात. नाशिकच्या थंडीत, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की, त्याच मटकीला दीड दिवस लागतो. अशा वेळी मी पुरचुंडी कोमट पाण्याने ओली करून झाकणाच्या डब्यात, शेगडीपासून जवळ ठेवते. फडके सोडल्यावर वास ताजा, किंचित मातकट असावा. आंबूस आणि चिकट लागले तर ती मटकी टाकून द्यावी. कच्च्या मोडांत जंतू वाढण्यास उत्तम वातावरण मिळते, त्यामुळे वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना मोड वाफवूनच द्यावेत.

राजमा मात्र कधीही अर्धाकच्चा खाऊ नये. त्यातील लेक्टिनने काही तासांतच उलट्या-जुलाब होऊ शकतात. किमान पाच तास, आणि शक्यतो रात्रभर, भिजवून ते पाणी फेकावे, नवे पाणी घेऊन खळखळून उकळावे आणि दाणा बोटांनी सहज चिरडेपर्यंत शिजवावे. मंद आचेवर नुसता कोमट ठेवलेला राजमा अधिक घातक असतो, कारण तेवढ्या उष्णतेने लेक्टिन नष्ट होत नाही. छोले आणि चवळी यांचेही भिजवण्याचे पाणी ओतून दिल्यास वात धरण्याचा त्रास कमी होतो, कारण आतड्यात वायू करणाऱ्या काही शर्करा त्या पाण्यात उतरलेल्या असतात.

बोअरच्या जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. त्यासाठी सोडा घालू नये, कारण त्याने थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते. पिण्याचे गाळलेले पाणी घ्यावे, आणि चिंच किंवा आमसूल डाळ मऊ झाल्यावरच घालावे. उसळीवर लिंबू पिळल्याने तिच्यातील लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबरचा चहा नेमके उलट करतो, म्हणून तो तासभर पुढे ढकलावा.

धान्य: कमी, पण बदलते

44 किलोंवरून आम्ही 32 किलोंवर आलो. गहू सर्वाधिक कमी झाला आणि त्याची जागा काही प्रमाणात ज्वारी, बाजरी आणि नागलीने (नाचणीने) घेतली. येवला-नांदगावकडील बाजरी थंडीत चांगली मिळते. पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वरच्या पट्ट्यात नागली पिकते, आणि आदिवासी घरांत उडदाच्या आमटीबरोबर तिची भाकरी आजही खाल्ली जाते. 100 ग्रॅम नागलीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, जे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट आहे. त्यातील सर्व शरीराला मिळत नसले तरी ज्यांना दूध सोसत नाही त्यांच्यासाठी हा मोठा आधार आहे. शहरातील हातांना नागलीची भाकरी थापताना तडे जातात, म्हणून उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढून, कोमट असतानाच ती मळावी.

ज्वारीची भाकरी असली म्हणून हव्या तेवढ्या खाव्यात, असा समज करून घेऊ नये. साखर तीही वाढवते. आमच्याकडे एका भाकरीला 60 ग्रॅम पीठ लागते आणि दोन भाकऱ्यांत दिवसाच्या धान्याचा जवळजवळ निम्मा वाटा संपतो. इगतपुरीचा इंद्रायणी तांदूळ आम्ही सोडलेला नाही. माणशी कोरडा 30 ग्रॅम, म्हणजे शिजून एक लहान वाटी, एवढाच लावतो. भाजी आणि वरण आधी, भात शेवटी, या क्रमाने जेवल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते.

उपवास आणि मिसळ

बटाटा आणि रताळे हे अख्खे कंद आहेत. उकडून, भाजीच्या नव्हे तर पोळी-भाताच्या वाट्यातून वजा करून खावेत. साबुदाणा वेगळा. तो टॅपिओकाच्या कंदातील निव्वळ स्टार्च असतो आणि त्यात प्रथिने जवळजवळ नसतात. खिचडीत जे काही पोषण उरते ते दाण्याच्या कुटाचे, आणि शेंगदाणा हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने शेंगवर्गीयच आहे. साबुदाणा निम्मा करून कूट दुप्पट करावे, किंवा भगर आणि राजगिरा यांकडे वळावे.

मिसळ सोडा असे नाशिकमध्ये कोणाला सांगणे मला योग्य वाटत नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. तिचा पाया मोडाची मटकी हाच आहे. मटकी जास्त मागावी, फरसाण वेगळे ठेवून चमचाभर घालावे, तर्री बेताची घ्यावी आणि पाव एकच खावा. दही आणि कांदा-लिंबू सोबत असतातच.

स्वतःहून बदल कोणकोणी करू नये

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धान्य कमी करण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा तपासून घ्यावी. आमच्याकडे चूक झाली ती नेमकी येथेच. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळीचे प्रमाण तज्ज्ञानेच ठरवावे. ज्यांना सीलिअॅक आजार (ग्लुटेन या गव्हातील प्रथिनाने आतडे बिघडण्याचा आजार) आहे त्यांनी गहू आणि जव पूर्ण वर्ज्य करावेत. तांदूळ, ज्वारी, बाजरी आणि नागली यांत ग्लुटेन नसते, परंतु गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळलेले पीठ त्यांना चालत नाही.

सासऱ्यांची गोळी डॉक्टरांनी निम्मी केली. आता ते दुपारी एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण, पालेभाजी आणि त्यानंतर तो लहान वाटीतला भात घेतात, आणि हात धुऊन झाले की गच्चीवर पंधरा मिनिटे फेऱ्या मारतात.