दिवाळी ते पाडवा: घरी होडी बांधताना या चुका टाळा

डिसेंबरातली सकाळ, साडेसहाची वेळ. शेडचं दार उघडलं तर होडीच्या पालथ्या तळावर पाण्याचे थेंब ओळीनं पडलेले. वर पाहिलं. पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरलं होतं आणि प्रत्येक खोलगटीतून एकेक थेंब खाली येत होता. आदल्या संध्याकाळी लावलेलं इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून लावायचा, वाळून घट्ट होणारा चिकट लेप) अजून बोटाला चिकटत होतं, आणि जिथं थेंब पडला होता तिथं रुपयाएवढा पांढरा डाग. सुतारमामा चहाचा कप घेऊन आले, बोट लावून बघितलं आणि म्हणाले, "हे वाळंना झालंय की ओ सर. पांढरा गम मारला असता तर एव्हाना दोन खुर्च्या उठल्या असत्या."

खुर्च्या उठल्या असत्या, पण त्या कृष्णेत सोडायच्या नव्हत्या.

घरी होडी बांधायच्या बहुतेक सूचना आपल्याकडे थंड देशांतून येतात. तिकडे तळी गोठतात, त्यामुळे माणसं हिवाळाभर बंद शेडमध्ये हीटर लावून काम करतात आणि बर्फ वितळला की होडी पाण्यात सोडतात. चार महिने एकसारखं तापमान. आपण तेच वाचून सांगलीवाडीतल्या पत्र्याखाली कामाला लागतो. इथं जानेवारीत पहाटे बारा-तेरा अंश आणि दुपारी तीस. पत्र्याखाली त्याहून जास्त. एका दिवसात दोन ऋतू होतात. माझ्या पहिल्या होडीत ज्या चुका झाल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त सुतारकामाच्या नव्हत्याच, घड्याळाच्या होत्या.

सकाळी उत्साहात इपॉक्सी लावणं

लाकडाच्या छिद्रांत हवा असते. लाकूड तापू लागलं की ती फुगते आणि बाहेर यायला बघते. तुम्ही नऊ वाजता पहिला हात मारलात, अकराला ऊन पत्र्यावर आलं, की ओल्या इपॉक्सीतून बारीक बुडबुडे उठायला लागतात आणि तसेच वाळतात. दुसऱ्या दिवशी हात फिरवला तर साबुदाण्याच्या पापडावरून फिरवल्यासारखा वाटतो. मग पॉलिश पेपर घेऊन बसा.

यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो: तापमान उतरत असताना लावा. म्हणजे लाकूड गार होताना हवा आत ओढली जाते आणि इपॉक्सीही सोबत आत जातं. सल्ला बरोबर आहे, पण मी तो ऐकून संध्याकाळी सातला लावलं आणि वर सांगितलेली सकाळ पदरात पडली. तापमान दहा अंशांनी उतरलं की इपॉक्सीला वाळायला जवळपास दुप्पट वेळ लागतो. दुपारी चार तासांत घट्ट होणारं इपॉक्सी रात्री बारा अंशांत बारा तास तरी ओलं राहतं, आणि त्यात नदीकाठचं धुकं.

शेवटी जमलं ते असं: सकाळी शेडची दारं उघडी ठेवून लाकूड चांगलं तापू द्यायचं, हात मारायचा दुपारी तीन-साडेतीनला, आणि सहाच्या आत होडीवर बांबूच्या कमानी लावून प्लॅस्टिकचा कागद टाकायचा. कागद होडीला टेकता कामा नये. पोल्ट्रीत पिलांना ऊब द्यायला लावतात तसे दोन बल्ब आत, कागदापासून लांब, घट्ट बांधून. पत्र्यावरचं दव मग कागदावर गळतं. गळू दे.

ऊब हवी म्हणून शेडमध्ये कोळशाची शेगडी मात्र ठेवू नका. जळण्यातून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही निघतात, आणि ती दोन्ही ओल्या इपॉक्सीला बाधतात. बंद शेडमध्ये माणसाला काय होतं ते तर वेगळं सांगायला नको.

गार, दमट हवेत वाळलेल्या इपॉक्सीवर मेणकट, बुळबुळीत साय येते. ती थिनरनं जात नाही. साध्या पाण्यानं जाते. भांडी घासायची हिरवी घासणी आणि बादलीभर पाणी, बस्स. आधी धुवा, पुसा, मगच पॉलिश पेपर. मी उलटं केलं. साय पॉलिश पेपरनं आत घासली गेली, आणि रंग लावला तसा जागोजागी माशाच्या डोळ्यासारखा फाटला.

"जरा हार्डनर जास्त टाका, लवकर वाळंल"

हा सल्ला फायबरचं काम करणारे देतात, आणि त्यांच्या कामात तो खरा असतो. पाण्याच्या टाक्यांना वापरतात त्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये दुसरी बाटली थेंबाथेंबानं घालतात. थंडीत थोडी जास्त, उन्हाळ्यात थोडी कमी. इपॉक्सीचं तसं नाही. इथं रेझिनच्या प्रत्येक कणाला हार्डनरचा जोडीदार लागतो. जोडीदार जास्त झाले तर ते बिनलग्नाचे उरतात आणि तो भाग मऊच राहतो. आठवडा थांबा, महिना थांबा, तो चिकटच.

प्रमाण डब्यावर असतं. कुणाचं दोनास एक, कुणाचं पाचास एक. ते वजनानं दिलंय की मापानं, हे दोनदा वाचा, कारण दोघांची घनता सारखी नसते आणि आकडे बदलतात. माझ्याकडे दागिने मोजतात तसला छोटा काटा आहे. थोडंसंच हवं असेल तेव्हा खोकल्याच्या औषधाची मापाची झाकणं कामाला येतात. मिसळताना दोन मिनिटं ढवळा, पेल्याच्या कडा खरवडून पुन्हा ढवळा.

चिकट राहिलेल्या थरावर नवा थर देऊन तो "बसेल" अशी आशा धरू नका. पटाशी घ्या, जमल्यास हेअर ड्रायरनं गरम करा, आणि सगळं खरवडून काढा. मी अडीच फूट सांधा असा काढलाय. एक रविवार गेला.

उलट बाजूची चूक फेब्रुवारीनंतर होते. डिसेंबरात सवय झालेली असते, म्हणून स्टीलच्या पेल्यात एकदम पाव किलो मिसळतो. जमा राहिलेलं इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेनं तापत जातं, पेला हातात धरवत नाही आणि धूर निघायला लागतो. थोडं थोडं मिसळा आणि मिसळल्यावर पसरट ताटलीत ओता. मार्चसाठी सावकाश वाळणारं हार्डनर वेगळं घ्या.

प्लायवर छापलेलं वाचून समाधान मानणं

दुकानात "मरीन" म्हटलं की काहीही मिळतं. शिक्का बघायचा तो आयएस (भारतीय मानक) ७१०चा. आयएस ३०३ हा सर्वसाधारण वापराचा प्लाय, कपाटाला उत्तम. ७१०मध्ये ७२ तास उकळूनही थर सुटू नयेत अशी चाचणी आहे. पण शिक्कासुद्धा कुणीही मारू शकतो, म्हणून वीतभर तुकडा मागून घ्या आणि जुन्या पातेल्यात उकळा. आमच्याकडे त्या पातेल्यावरून दोन दिवस अबोला होता, तो खर्च धरून चाला. पहिल्या तुकड्यानं दीड तासात पानं उघडली. दुसरा तीन दिवस रोज चार-चार तास उकळला आणि रात्री वाळवला, तरी जसाच्या तसा.

मग कड बघा. कापलेल्या कडेत मधल्या थरात फटी दिसल्या तर तो ताव परत करा. वाकवताना प्लाय नेमका त्या पोकळीवर मोडतो.

शिवण आणि पीळ

मी होडी बांधतो ती शिवून चिकटवायच्या पद्धतीनं. या पद्धतीत प्लायचे कापलेले भाग कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेनं शिवतात आणि आतून सांध्यात इपॉक्सीचा लेप भरतात. १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या मिरर नावाच्या छोट्या होडीनं ती घराघरात नेली. शिवलेली होडी आपल्याला नवी नाही म्हणा. पश्चिम किनाऱ्यावर फळ्या काथ्यानं शिवायची रीत फार जुनी, आणि नौदलात २०२५ साली दाखल झालेली 'कौंडिण्य' तशीच शिवून बांधलेली आहे. फरक इतकाच की काथ्या कायमचा राहतो आणि आपली तार लेप घट्ट होईपर्यंतच.

तार ओढून काढताना तुटते, ही नेहमीची तक्रार. तापलेलं सोल्डरिंग आयर्न तारेला दहा-पंधरा सेकंद टेकवा. भोवतीचं इपॉक्सी मऊ पडतं आणि तार लोण्यातून निघावी तशी निघते.

खरी चूक त्याच्या आधीची असते. शिवलेली होडी कडबोळ्यासारखी पिळली जाऊ शकते आणि डोळ्याला कळत नाही, कारण सगळीकडे वळणंच वळणं. लेप भरण्याआधी पुढं आणि मागं एकेक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि एका टोकाला बसून दोन्ही पट्ट्यांच्या कडा डोळ्याच्या रेषेत आणा. समांतर दिसल्या तर ठीक. नसतील तर ज्या बाजूची कड वर असेल त्या कोपऱ्यावर विटा ठेवा आणि पुन्हा बघा. मी हे केलं नाही. माझी पहिली होडी वल्हं सोडलं की आपली आपण हरिपूरच्या बाजूला वळते. तिथल्या संगमेश्वराच्या देवळाची ओढ आहे, असं मी पाहुण्यांना सांगतो.

लेपाची घट्टाई चक्क्याइतकी हवी. चमचा उलटा केला तरी पडू नये. त्यात घालायला करवतीचा जाडा भुसा चालत नाही, त्याची लापशी होते. मला उत्तम भुसा मिळाला तो मिरजेत, सतारमेकर गल्लीत. तिथं तंबोऱ्यासाठी तून लाकूड घासतात, त्याची लालसर, पिठासारखी पूड पिशवीभर मिळाली. तपकिरी सांधा सागवानी पट्टीशेजारी दिसतोही छान. सागवान मात्र तेलकट असतं. चिकटवायच्या जरा आधी ते ॲसिटोननं पुसा, नाहीतर पट्टी पावसाळ्यात सुटते.

फायबरचं सामान घेताना

चटईसारखं फायबर स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका. त्यातले तुकडे ज्या बाइंडरनं धरून ठेवलेले असतात तो पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरिन नसतं, त्यामुळे चटई ताठ राहते आणि कोपऱ्यावर बसत नाही. विणलेलं कापड घ्या, चौरस मीटरला २०० ग्रॅमचं पुरतं.

पॉलिएस्टर आणि थर्माकोल यांची गाठ पडू देऊ नका. बसायच्या फळीखाली तरंगायला म्हणून थर्माकोल भरून वर पॉलिएस्टर ओतलंत, तर थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळून जातो. इपॉक्सी त्याला काही करत नाही.

हातमोजे घालाच. हाताला लागलेलं इपॉक्सी थिनरनं धुतलं की ते कातडीत आणखी आत जातं. साबण आणि पाणी. एकदा खाज सुरू झाली की पुढं नुसत्या वासानंही ती परत येते.

"पाण्यात टाका, फुगून बसंल"

होडीच्या तळातून पाणी झिरपलं की घाटावर कुणीतरी जुनं माणूस हे सांगणारच. त्यांनी आयुष्यभर फळ्यांच्या नावा पाहिल्या. तिथं ते खरं आहे: वाळलेल्या फळ्या पाण्यात फुगतात आणि फटी मिटतात. प्लायच्या होडीत फुगणं म्हणजे पाणी थरांत शिरलं. अशी होडी ताबडतोब बाहेर काढा, आडोशाला आठ-दहा दिवस वाळवा, मग गळती शोधा. सोपा उपाय असा: होडी दोन ओंडक्यांवर ठेवून आत बादलीभर पाणी ओता आणि खालून बघा.

किती माणसं बसतील?

हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो, आणि उत्तर हिशेबानं द्या. माझी होडी बारा फुटांची, पाण्याला टेकणारा भाग साधारण तीस चौरस फूट. एक इंच खाली जायला अडीच घनफूट पाणी बाजूला सारावं लागतं. एक घनफूट पाणी २८ किलोचं, म्हणजे इंचाला सत्तर किलो, साधारण एक माणूस. सहा इंच बुडू दिली तर हिशेबानं सहाजण बसतील. मी दोघांना नेतो, लहान मूल असेल तर तीन. काठ पाण्याच्या वर किती उरतो, यापेक्षा एकानं फोटोसाठी उभं राहिल्यावर किती उरतो, ते महत्त्वाचं.

"पुरात उपयोगी पडंल" असंही लोक म्हणतात. नाही पडणार. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि ८ तारखेला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली. त्या पाण्यात घरची सहा मिलिमीटर प्लायची होडी घालायची नाही. गुळाच्या काहिलीतून पूर ओलांडणारी माणसं आमच्या आजोबांनी पाहिलीत. ती वेगळी माणसं.

पाणी संथ असेल तेव्हाही लाइफ जॅकेट घाला. आणि कृष्णेत मगरी आहेत, तेव्हा सकाळी काठावरच्या कोरड्या वाळूजवळ होडी लावू नका. ती त्यांची उन्हं खायची जागा.

मे महिन्यात

इपॉक्सीला ऊन सोसत नाही, वर्षभरात ते खडूसारखं होतं. वरून रंग किंवा ऊन रोखणारं व्हार्निश हवंच.

दोन्ही टोकांचे बंद कप्पे तरंगण्यासाठी असतात. त्यांना आटेदार झाकण ठेवा, आणि होडी उभी असताना ते उघडं राहू द्या. बंद कप्प्यातली हवा पहाटेचे चोवीस अंश ते दुपारचे साठ एवढ्यात जवळपास आठव्या हिश्शानं फुगते. मी पहिल्या वर्षी झाकण घट्ट पिळून लग्नाला पुण्याला गेलो. आठ दिवसांनी आलो तर पुढच्या कप्प्याचा सांधा केसभर उघडलेला. भुश्याची पिशवी अजून शिल्लक होती.